तो माणूस कॅमेरा खाली का ठेवत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही चार मित्र, राहायला सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला. हाताशी दोन बऱ्यापैकी मोबाइल आणि वर्गणी काढून जमवलेले ४० हजार रुपये. परदेशात काही हजार डॉलरमध्ये उरकलेल्या ‘फाउंड फुटेज’ भयपटांनी, म्हणजे ‘कुणीतरी केलेलं चित्रण नंतर सापडलं’ अशा धर्तीच्या सिनेमांनी, कोट्यवधी कमावल्याचं तुम्ही वाचलंय. एका बंद गिरणीत रात्री शिरून तसाच अर्ध्या तासाचा सिनेमा करायचं तुमच्या मनात आहे. आणि मुख्यतः विचारलंय दोन गोष्टी: इतक्या हलत्या, अंधुक चित्रांना माणसं घाबरतात तरी का, आणि आपल्याला ते जमेल का.

मी १९९३ पासून सोलापुरात लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो. गेली बारा-तेरा वर्षं मुलांच्या लघुपटांचं संकलन आणि आवाजाचं कामही करतो. या प्रकारचे सिनेमे मी प्रेक्षक म्हणून जितके पाहिलेत त्याहून जास्त वेळा संकलनाच्या टेबलावर थांबवून-थांबवून पाहिलेत. त्या अनुभवातून सांगतो.

तुम्ही प्रश्न पैशाचा मांडलाय, पण अडचण पैशाची नाही. अडचण ही आहे: हे चित्रण खरोखर कुणा साध्या माणसाने केलंय, त्याला सिनेमा करायचाच नव्हता, असं बघणाऱ्याला अर्धा तास वाटत राहील का? ते वाटलं तर भूत दाखवायचीही गरज पडत नाही. आणि ते एका क्षणासाठी जरी तुटलं तरी पुढे कितीही रक्त सांडा, माणूस मोबाइल काढून मेसेज बघायला लागतो.

हे मला सिनेमातून नाही, एका लग्नाच्या कॅसेटमधून कळलं. १९९८ची गोष्ट. पूर्व भागातलं एक पद्मशाली घर, रात्रीचं जेवण चालू. मी पॅनासॉनिकचा एम-३००० कॅमेरा स्टँडला लावून पंगतीत जेवायला बसलो. रेकॉर्डिंग बंद केलंय असं मला वाटलं होतं, पण ते चालूच राहिलं. दोन दिवसांनी रात्री मिक्सिंगला बसलो तेव्हा कॅसेटमध्ये रिकाम्या मांडवाची ३७ मिनिटं निघाली. नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या, सतरंजीवर पडलेल्या अक्षता, एका बाजूला उभा पंखा. पंखा डावीकडे वळला की मागचं तोरण हलायचं, उजवीकडे वळला की थांबायचं. काहीच घडत नव्हतं आणि मला नजर हटवता येत नव्हती. बऱ्याच वेळाने एक म्हातारी चौकटीत आली, खुर्चीपाशी वाकली, खाली काहीतरी चाचपलं, सरळ झाली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत उभी राहिली. मग निघून गेली. रात्रीचा एक वाजला होता, खोलीत मी एकटा. अंगावर सरसरून काटा आला.

दुसऱ्या दिवशी कळलं की ती नवरीची आजी होती आणि तिच्या कानातली कुडी पडली होती. कारण इतकं साधं. पण मी अनेक वर्षं त्या भीतीचा विचार करत राहिलो. नेहमीच्या सिनेमात दिग्दर्शक आपलं बोट धरून दाखवतो: इथे बघ, आता याचा चेहरा बघ, आता दाराकडे बघ. त्या ३७ मिनिटांत दाखवणारं कुणी नव्हतं. म्हणून मी स्वतःच शोधायला लागलो. खुर्चीमागे काय आहे, तोरण पंख्यानेच हलतंय ना, ती अंधारी कनात कुठे जाते. शोधणारा माणूस निम्मा घाबरलेलाच असतो.

अमेरिकेत ओरेन पेली नावाच्या माणसाने हेच मुद्दाम केलं. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ त्याने २००६मध्ये सॅन दिएगोच्या स्वतःच्या घरात सात दिवसांत चित्रित केला. त्यात रात्रीची दृश्यं जवळजवळ सगळी एकाच चौकटीतली: कॅमेरा स्टँडवर, एका बाजूला पलंगावर झोपलेलं जोडपं, दुसऱ्या बाजूला उघडं दार आणि पलीकडे अंधार. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळत असतात, म्हणजे चित्रण पुढे सरकवलं जातंय. आणि मध्येच आकडे नेहमीच्या गतीला येतात. बस्स. त्या क्षणी अख्खं थिएटर श्वास रोखून दाराकडे बघायला लागतं, कारण इथे काहीतरी आहे एवढंच सांगितलं गेलंय, कुठे ते नाही. यात कॅमेरा हलत नाही, हे तुम्ही खास लक्षात घ्या. फाउंड फुटेज म्हणजे हलता कॅमेरा, ही समजूत पहिल्यांदा सोडा.

आता ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. १९९९चा हा सिनेमा नसता तर आज तुम्ही हा प्रश्न विचारलाच नसता. तीन विद्यार्थी एका दंतकथेवर माहितीपट करायला मेरीलँडच्या जंगलात जातात आणि परत येत नाहीत. वर्षभराने त्यांचं चित्रण सापडतं. आपल्याकडे चकवा म्हणतात ना, तीच ही गोष्ट आहे. दिवसभर एकाच दिशेला चालून ती पोरं संध्याकाळी पुन्हा ओढ्यावर पडलेल्या त्याच ओंडक्यापाशी येतात. मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला चेटकीण वगैरे काही आठवली नाही. मला माझा मामा आठवला. ओळखीच्या बांधावरून निघून रात्रभर शेतातच फिरत राहिल्याची हकीकत तो सांगायचा, आणि सांगताना हातातली विडी विझलेली त्याच्या लक्षात यायचं नाही.

आपल्या भुताच्या गोष्टी कायम अशाच सुरू होतात. ‘एक होता राजा’ असं कुणी म्हणत नाही. ‘आमच्या चुलत्यांनी स्वतः पाहिलंय’, ‘त्या विहिरीवर गेलेला गडी आजही जिवंत आहे, विचारून ये’ असं म्हणतात. साक्षीदार आधी, भूत नंतर. लिखित गोष्टीतही हे जुनंच आहे; १८९७ची ‘ड्रॅक्युला’ ही अख्खी कादंबरी रोजनिशा, पत्रं आणि कात्रणं यांतूनच उलगडते. कॅमेरा आला तेव्हा साक्षीदाराच्या जागी कॅसेट आली, इतकंच. म्हणून हा प्रकार आपल्याला परका नाही.

‘ब्लेअर विच’ कसा केला हे तुमच्या कामाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघा दिग्दर्शकांनी तिन्ही कलाकारांच्याच हातात कॅमेरे दिले. एक साधा हाय-एट व्हिडिओ कॅमेरा, एक १६ मिलिमीटरचा कृष्णधवल फिल्म कॅमेरा. १९९७च्या ऑक्टोबरमध्ये आठ दिवस ती मुलं खरोखर जंगलात राहिली. संवाद लिहून दिलेले नव्हते. ठरलेल्या ठिकाणी डबीत चिठ्ठ्या ठेवलेल्या असायच्या, प्रत्येकाला वेगळी, म्हणजे आज दुसरा काय करणार आहे हे तिसऱ्याला माहीत नसायचं. दिवस जातील तसं खाणं कमी केलं. रात्री दिग्दर्शकच तंबूबाहेर येऊन आवाज करायचे. गावातल्या मुलाखतींमध्ये काही खरे रहिवासी आणि काही पेरलेले नट होते. कोण कुठला हे त्या तिघांनाही ठाऊक नव्हतं. सुमारे वीस तासांच्या चित्रणातून ८१ मिनिटं निघाली. म्हणजे आठ दिवस शूटिंग आणि कित्येक महिने टेबलावर. ‘आठ दिवसांत सिनेमा केला’ असं जे फिरतं, त्यात हे महिने कुणी मोजत नाही.

शेवटचं दृश्य बघा. एका पडक्या घराच्या तळघरात एक मुलगा भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा असतो. ना रक्त, ना भूत. पण सुरुवातीला एका मुलाखतीत, आपण निम्मं दुर्लक्ष करत असताना, एका जुन्या खुन्याची हकीकत येऊन गेलेली असते, की तो एका मुलाला असंच कोपऱ्यात उभं करायचा. ते वाक्य तुम्हाला आठवलं तर त्या दृश्याने पोटात गोळा येतो. भीती तुमच्या आठवणीत आधीच ठेवलेली होती. शेवटी तिला फक्त हाक मारली. असं पेरायला एक रुपया लागत नाही, लिहायला बसावं लागतं.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण चाळीस हजार हे चौघांच्या घामाचे आहेत. ‘ब्लेअर विच’च्या मूळ शूटिंगला ३५ ते ६० हजार डॉलर लागले असं सांगितलं जातं. तेव्हा डॉलर ३६ रुपयांच्या घरात होता, म्हणजे साडेबारा ते साडेएकवीस लाख रुपये. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चे १५ हजार डॉलर म्हणजे त्या वेळचे पावणेसात लाख. त्यातही पेलीने शूटिंगआधी जवळजवळ वर्षभर घर तयार केलं होतं. पहिल्याने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर कमावले, दुसऱ्याने सुमारे १९ कोटी ३० लाख. पण दोघांच्याही मागे नंतर मोठे वितरक उभे राहिले. ‘ब्लेअर विच’ अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात सुमारे ११ लाख डॉलरला विकला गेला, आणि मग जाहिरातीवर कोट्यवधी ओतले गेले. आपण ही दोन नावं घेतो, कारण ती तरली. त्याच काळात तशाच हँडीकॅमवर केलेले किती सिनेमे कपाटात पडून राहिले ते कुणी मोजलेले नाहीत. तुमचा सिनेमा पैसे मिळवेल का, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला काम शिकवेल का, याला माझं उत्तर ठाम होकाराचं आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. शीर्षकातला प्रश्न.

अंधारात काहीतरी मागे लागलंय, आणि पळणारा माणूस मोबाइल डोळ्यांसमोर धरून रेकॉर्डिंग करतोय. का? टाकून का देत नाही? प्रेक्षकाच्या मनात हा प्रश्न आला आणि तुमच्याकडे उत्तर नसलं, की खेळ संपला. २००७चा स्पॅनिश सिनेमा ‘रेक’ घ्या. टीव्हीची बातमीदार आणि तिचा कॅमेरामन अग्निशमन दलाबरोबर रात्रपाळीला गेलेत आणि बार्सिलोनातल्या एका इमारतीत अडकलेत. रेकॉर्ड करणं ही त्यांची नोकरीच आहे, आणि पुढे कॅमेऱ्याचा दिवा हाच त्यांचा एकमेव उजेड उरतो. खाली ठेवणार कसा? २०२०च्या टाळेबंदीत रॉब सॅव्हेजने ‘होस्ट’ केला. सगळा जेमतेम तासाभराचा सिनेमा व्हिडिओ कॉलवर घडतो. कलाकार आपापल्या घरी, दिग्दर्शक त्याच्या घरी. कॅमेरा, दिवे, करामती ज्याच्या त्याने सांभाळल्या. त्या दिवसांत सगळं जगच त्या चौकोनात बसलेलं असल्यामुळे कॅमेरा का चालू आहे हे कुणी विचारलंच नाही.

हिंदीत याच धर्तीचा भयपट ‘रागिणी एमएमएस’ २०११चा, पण मी विद्यार्थ्यांना त्याच्या आधीचा, २०१०चा दिबाकर बॅनर्जींचा ‘लव्ह सेक्स और धोखा’ दाखवतो. त्यात भूत नाही. तीन गोष्टी: एक विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यातून, एक दुकानातल्या सीसीटीव्हीतून, एक छुप्या कॅमेऱ्यातून. पहिल्या गोष्टीत जात सोडून लग्न केलेल्या जोडप्याला मारलं जातं आणि कॅमेरा ते टिपत राहतो. मी हा सिनेमा आजवर ज्यांना दाखवला, त्यांच्यातलं कुणीही त्या जागी हललेलं नाही. कारण कॅमेरा कुणाचा आहे आणि का चालू आहे हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं.

माझ्या स्वतःच्या चुकीतून एक सांगतो. २०११मध्ये आम्ही काही जणांनी पीडी-१७० कॅमेऱ्यावर असाच बावीस मिनिटांचा लघुपट केला. हात हलवला की खरं वाटेल या समजुतीने मी सबंध वेळ कॅमेरा हलवला. तीसेक लोकांना दाखवला तर निम्म्यांना गरगरायला लागलं, एक बाई उठून बाहेर जाऊन बसल्या. मग मी माझ्याच जुन्या लग्नाच्या कॅसेटी काढून पाहिल्या. जो खरोखर शूटिंग करतो तो कॅमेरा हलू नये म्हणून धडपडत असतो! कोपर पोटाला टेकवतो, भिंतीला पाठ लावतो, श्वास धरतो. हलतं ते त्याच्या मनाविरुद्ध: कुणी धक्का दिला, पाय अडखळला, दचकला. तुमच्या कॅमेरामनला सांगा की स्थिर धर, जिवाच्या आकांताने स्थिर धर. मग जेव्हा हलेल तेव्हा त्याला अर्थ येईल.

तीच गोष्ट कापाकापीची. या प्रकारात प्रत्येक कट हा प्रश्न असतो: हे कुणी जोडलं? कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला तर बघणाऱ्याला तो पटतो. दोन बाजूंनी घेतलेलं संभाषण पटत नाही, कारण दुसरा कॅमेरा आला कुठून? पार्श्वसंगीत तर अजिबात नको. मोबाइलचे दोषही झाकू नका. अंधारात तो फोकस शोधत मागे-पुढे होतो, टॉर्च अंगावर आला की चित्र पांढरं फटक पडून हळूहळू सावरतं. हे सगळं आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे, म्हणून ते खरेपणाची ग्वाही देतं.

आवाजावर मात्र खर्च करा. तुमच्या चाळीस हजारांतले निम्मे तिकडेच जाऊ द्या, असं मी म्हणेन. एक चांगला रेकॉर्डर, शर्टात लपवायचे दोन कॉलर माइक, आणि आवाजाचं मिक्सिंग करणाऱ्याचं मानधन. स्वच्छ घेतलेला आवाज नंतर मोबाइलसारखा खरबरीत करता येतो; खराब घेतलेला आवाज कुणालाच सुधारता येत नाही. मोबाइलचा माइक शांतता झाली की स्वतःच संवेदनशीलता वाढवतो, त्यामुळे मागची घरघर हळूहळू वर येते, आणि कुणी बोललं की एकदम खाली बसते. ती घरघर राखा. तिच्यातच लोक कान देऊन ऐकायला लागतात.

शांतता म्हणजे काय ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. लोडशेडिंगच्या दिवसांत पूर्व भागात रात्री वीज गेली की गल्लीतले सगळे यंत्रमाग एका दमात थांबायचे. ती खटखट चालू असताना झोपलेली तान्ही बाळं आवाज थांबला की जागी होऊन रडायची. मोठी माणसंही उठून बसायची. आवाज थांबल्यावर माणूस जागा होतो, हे मी तिथे शिकलो आणि आजही मिक्सिंगला वापरतो. घाबरवायला मोठा धडाका नको. बराच वेळ चालू असलेला एखादा बारीक आवाज, रातकिडे, पंप, लांबची गाडी, तेवढा काढून घ्या.

गिरणीबद्दल आता. माझे वडील गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते. भोंगा झाला की आमच्या घरात चूल पेटायची, भोंगा झाला की विझायची. त्यामुळे माझं मत थोडं हळवं असेल, पण ते सांगतोच. बंद गिरणी ही आयती भुताची जागा आहे असं बाहेरच्याला वाटतं. तिथे शिरलेल्या चार पोरांनी ‘इथे आत्मे आहेत’ म्हणत फिरायचं, हे शंभरदा होऊन गेलंय. आणि ज्यांचे हिशेब राहिले, ज्यांची घरं त्या भोंग्याबरोबर बंद झाली, ती माणसं अजून या गावात आहेत. शिवाय कुजलेले जिने, गंजलेले पत्रे, उघडे खड्डे, साप. परवानगीशिवाय रात्री आत जाणं म्हणजे गुन्हाही आणि जिवाला धोकाही. तुम्हाला गिरणीच हवी असेल तर मालकी ज्यांच्याकडे आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, दिवसा जाऊन प्रत्येक पाऊल तपासा, आणि आधी एखाद्या जुन्या कामगाराशी दोन तास बोला. त्या बोलण्यातून तुमची गोष्ट बदलेल याची मला खात्री आहे.

पण मला विचाराल तर गिरणी सोडा आणि ज्वारीत जा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे हुरडा असतो. मंगळवेढ्याकडची मालदांडी माणसाच्या डोक्यावरून जाते. शहरातली पोरं रात्री शेतात हुरडा खायला जातात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो, कारण रील काढायचं असतं. कॅमेरा का चालू आहे, याचं उत्तर आपोआप मिळालं. आगटीचा उजेड, गोवऱ्यांचा धूर, कणसं चोळणारे काळे झालेले तळवे, शेंगाचटणीची वाटी. पहिली दहा मिनिटं फक्त मजा दाखवा. मग एक जण ‘आलोच’ म्हणून ज्वारीत शिरतो. तुम्ही कधी रात्री उभ्या ज्वारीत शिरलात का? चार पावलांवर मागचा उजेड नाहीसा होतो. वाळलेली पानं एकमेकांवर घासतात तो आवाज थेट कुणीतरी चालल्यासारखा येतो, आणि वारा थांबला तरी लगेच थांबत नाही. दिशा राहत नाही. मोबाइलच्या टॉर्चमध्ये फक्त ज्वारीची पुढची दोन धाटं दिसतात. हाक मारली तर उत्तर कुठून आलं कळत नाही. चकव्याला याहून चांगली जागा नाही, आणि तिचं भाडं नाही. शेतकऱ्याला पीक मोडणार नाही असा शब्द द्या, मोडलंच तर भरपाई द्या, आणि विहिरीभोवती आधी दिवसा दोरी बांधून घ्या. ज्वारीजवळ आग म्हटल्यावर पाण्याची कळशी आणि शेतावरचा एक जाणता माणूस सतत हाताशी हवा.

प्रसिद्धीबद्दल एक कळकळीची सूचना. तुम्ही लिहिलंय की ‘ब्लेअर विच’सारखी ‘बेपत्ता’ची पोस्टर लावायची आणि व्हॉट्सॲपवर क्लिप सोडायची. तेव्हा त्यांनी तसं केलं हे खरं आहे: संकेतस्थळावर खोटे पुरावे मांडले, पोस्टर वाटली, कलाकारांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. अनेकांना ती मुलं खरंच मेली असं वाटलं. त्यातल्या अभिनेत्रीच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. त्याआधी १९८०च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’च्या इटालियन दिग्दर्शकावर तर खुनाचा आरोप आला आणि कलाकार जिवंत असल्याचं त्याला दाखवून द्यावं लागलं. (त्या सिनेमात प्राणी खरोखर मारलेत. तो मी कुणालाही बघायला सांगत नाही.)

पण आपण आज कुठे राहतो ते बघा. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागून पोट भरणारे, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले होते. ज्या मातीत मी तुम्हाला शूटिंग करायला सांगतोय, त्याच मातीतले. मोबाइलवरच्या खोट्या गोष्टीवर आपल्याकडे लोक कसा विश्वास ठेवतात हे यानंतर कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तेव्हा बेपत्ता माणसाचं पोस्टर नको, खऱ्या गावाचं किंवा वाड्याचं नाव घेऊन भूत असल्याची क्लिप नको. प्रत्येक तुकड्यावर सिनेमाचं नाव ठळक ठेवा. याने भीती कमी होत नाही. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा सिनेमाच आहे हे २००९मध्ये बहुतेकांना माहीत होतं, तरी लोक किंचाळले. बघणारा अंधारात बसला की स्वतःहून विश्वास ठेवायला तयार असतो, फक्त तुम्ही त्याला अडवू नका.

आणि कलाकारांशी कागद करा, मित्र असले तरी. ‘ब्लेअर विच’च्या तिघांनी स्वतःच कॅमेरा धरला, स्वतःच संवाद रचले, स्वतःची खरी नावं दिली, आणि २०२४मध्येही त्यांना योग्य मोबदल्यासाठी जाहीर मागणी करावी लागली. इतकी वर्षं जगाला घाबरवणारे चेहरे ते. मित्रांत एका पानाचा करार करायला दहा मिनिटं लागतात: उद्या चार पैसे आले तर कुणाला किती, आणि कुणाचा चेहरा-नाव कुठे वापरायचं. अन्न कमी करणं, न सांगता खरंच घाबरवणं, हे प्रकारही तुम्ही करू नका. थांबायचा एक शब्द आधी ठरवा. तो उच्चारला की सगळे दिवे लागले पाहिजेत.

या सिनेमांचा प्रभाव कुठवर गेला असंही तुम्ही विचारलंत. थोडक्यात सांगतो. मोठ्या कंपन्यांनी ही रीत उचलली. २००८चा ‘क्लोव्हरफील्ड’ अडीच कोटी डॉलरचा होता, तरी दिसायला एका हँडीकॅमचा. कमी खर्चात भयपट करून दिग्दर्शकाला मोकळीक द्यायची, ही निर्माता जेसन ब्लमची पद्धत ‘पॅरानॉर्मल’च्या यशावर उभी राहिली. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. २०२२च्या जानेवारीत केन पार्सन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाने घरच्या संगणकावर रिकाम्या पिवळ्या खोल्यांची एक फाउंड फुटेज चित्रफीत करून यूट्यूबवर टाकली आणि जगभर पाहिली गेली. त्यात जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा रंग, घरघर, धरणाऱ्याचा श्वास, सगळं बारकाईने बनवलेलं आहे. जो काळ त्याने पाहिलाही नाही त्या काळची कॅसेट त्याने अभ्यासून उभी केली. तुमच्या वयाच्या मुलाने.

तुम्ही आत्ता काय करावं? पैसे बाजूला ठेवा. या आठवड्यात एक मोबाइल घरात स्टँडवर लावा, रात्री, स्वयंपाकघराचं दार आणि मागची बोळ दिसेल असा. कुणालाही अभिनय करायला सांगू नका. वीस मिनिटं रेकॉर्ड करा. मग त्यातल्या फक्त एका जागी, तुम्हाला वाटेल तिथे, एकच छोटी गोष्ट घडवून पुन्हा वीस मिनिटं घ्या: दार दोन बोटं सरकलं, किंवा फ्रिजची घरघर थांबली. दोन्ही चित्रणं हेडफोन लावून घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला तुमचा बेत माहीत नाही. तो बघत असताना तुम्ही पडदा बघू नका, त्याचे डोळे बघा. ते कुठल्या मिनिटाला शोधायला लागतात ते लिहून ठेवा. तो कागद आणि दोन्ही फायली मला पाठवा, पुढचं आपण त्यावर बोलू.